शुगरनं डोकं बिघडलं की डोक्यानं शुगर?

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून एका ताईचं पत्र आलंय, वहीची चार पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. सगळं छापता येत नाही आणि गाव-घर ओळखू येईल असं काही ठेवलं नाही, पण मुख्य मजकूर त्यांच्याच शब्दांत :

"मॅडम, आमच्या घरच्यायले दोन वर्षांपासून शुगर आहे. वय 43. पाच एकर कोरडवाहू आहे, पऱ्हाटी आन सोयाबीन. पयले सांगितलेल्या गोळ्या घेत होते, फिरायले जात होते. या चार-पाच महिन्यांपासून काहीच नाही. दिवसभर छपरीत बाजेवर पडून राहतात. रात्री तीन वाजता उठून बसतात ते बसतातच. जेवण अर्ध झालं पण पोट वाढलं, हातपाय बारीक होऊन राहिले. आशाताईनं टेप लावला तं कंबर 38 इंच भरली. तीन महिन्यांची शुगर 9.8 आली. डॉक्टर रागावले, म्हणे पथ्य करत नाही. सासूबाई म्हणते आळस भरला अंगात, नाही तं कोणाची नजर. यंदा पोळ्याले बैल सजवले नाही, पोरालेच सांगितलं तू घेऊन जाय. गावातल्या डॉक्टरनं झोपेची गोळी देल्ली, ते मात्र आठवणीनं घेतात. मले एकच सांगा, शुगरनं यायचं डोकं असं झालं का डोक्यात टेन्शन आहे म्हणून शुगर वाढून राहिली? पयले कशाचा इलाज करू? सारखं विचार करून मलेही आजकाल रडू येते, पण ते काही नाही."

ताई, नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा डॉक्टर म्हणून वाचलं तर नजर त्या 9.8 वर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरच्या आकड्यावर (एचबीए1सी), जाऊन अडकली, रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचलं तेव्हा पोळ्यावर अडकली. तुम्ही ते जाता जाता लिहून टाकलंय, पण माझ्या मते तुमच्या चार पानांतलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे.

काऊन ते सांगते. थकवा, झोप मोडणं, जेवण कमी होणं, कशात लक्ष न लागणं हे सगळं नुसत्या वाढलेल्या शुगरनंही होऊ शकतं. शुगर चढली की रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं, झोपेचं खोबरं होतं, दिवसा अंग मोडून येतं. त्यामुळे एवढ्यावरून कोणी डॉक्टर सांगू शकत नाही की हा शरीराचा थकवा आहे का मनाचा. पण जो माणूस वर्षानुवर्षं पोळ्याच्या आदल्या रात्री स्वतःच्या हातानं बैलाचे खांदे हळद-तुपानं चोळतो, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायले या' म्हणतो, शिंगाला बेगड लावायला पोराच्या हातातून ब्रश ओढून घेतो, त्याला यंदा बैलाकडे पाहावंसंही वाटलं नाही, हे शुगरचं लक्षण नाही बाप्पा. ज्यात जीव होता त्यातूनच जीव निघून जाणं, मन सतत उतरलेलं असणं, आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त, दिवसाचा बहुतेक वेळ, याला डॉक्टरी भाषेत डिप्रेशन म्हणतात. तुमच्याकडे तर चार-पाच महिने झाले. पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा न लागणं हेही त्यातलंच नेहमीचं लक्षण, फक्त लघवीसाठी उठतात का तसेच उठून बसतात हे दोन रात्री पाहून ठेवा, डॉक्टर विचारतील. मी पत्रावरून निदान करत नाहीये हं, ते समोर बसवूनच करावं लागतं, पण करून घ्यायलाच पाहिजे एवढं नक्की.

आता तुमचा प्रश्न, शुगरनं डोकं की डोक्यानं शुगर. हा प्रश्न तुम्हालाच पडलेला नाही. इंग्लंडमध्ये टॉमस विलिस नावाचा एक डॉक्टर 17व्या शतकात लिहून गेला की हा लघवीचा आजार लांबलेल्या दुःखातून होतो. तेव्हा ना रक्त तपासायची मशीन ना इन्सुलिनचं नाव कोणाला माहीत, नुसतं माणसं पाहून त्यानं लिहिलं. आणि आजचे आकडे सांगतात की तो अर्धा बरोबर होता, कारण गाडी दोन्हीकडून चालते. शुगरवाल्या लोकांमध्ये डिप्रेशन सापडायचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट आहे, आणि उलटीकडून ज्याला डिप्रेशन आहे त्याला पुढे शुगर व्हायचा धोका 60 टक्क्यांनी जास्त असतो असं 2008 च्या एका मोठ्या आढाव्यात निघालं. म्हणजे 'टेन्शननं शुगर वाढते' हे आपल्या पानठेल्यावरचं डॉक्टरी ज्ञान अगदीच फेकण्यासारखं नाही.

हे होतं कसं, ते जागलीवरून सांगते. तुमच्याकडे रानडुकरं येतात, माळ्यावर बसून जागल करावी लागते. समजा रात्री डुक्कर धुऱ्यावर दिसलं. त्या क्षणी छाती धडधडते, टॉर्च घेऊन पळायची ताकद कुठून तरी येते. ती ताकद म्हणजे साखर. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी आहेत, त्या कॉर्टिसोल नावाचं हार्मोन सोडतात आणि ते यकृताला जाऊन सांगतं की कणगी उघड, साखर बाहेर काढ, आणि इन्सुलिनला सांगतं की तू जरा गप बस, आता साठवायचं नाही, खर्च करायचंय. डुक्कर पळालं की कॉर्टिसोल खाली येतं, कणगी बंद. चांगली व्यवस्था आहे. पण जे डुक्कर पळतच नाही त्याचं काय? बँकेचं कर्ज, सावकाराचं वेगळं, बोंडअळी, भाव, पोरीचं शिक्षण. शरीराला डुकरातला आणि कर्जातला फरक कळत नाही, ते रोज रात्री जागलच करून राहिलं. साध्या माणसात कॉर्टिसोल सकाळी सगळ्यात वर आणि मध्यरात्री सगळ्यात खाली असतं, डिप्रेशनवाल्या पुष्कळ लोकांमध्ये हा ताल बिघडलेला सापडतो, रात्रीही ते खाली उतरत नाही. मग जेवण अर्धं करूनही उपाशीपोटीची शुगर चढलेली, कारण साखर ताटातून नाही, कणगीतून येऊन राहिली. आणि चरबी जाऊन बसते ती पोटावर, हातापायाचं मांस मात्र झिजतं. तुम्ही लिहिलंय ना, पोट वाढलं हातपाय बारीक, तुम्ही डोळ्यानं पाहून जे लिहिलं ते पुस्तकातलंच चित्र आहे.

आता उलटी बाजू. ही पोटातली चरबी नुसती गाठोडं होऊन पडून राहत नाही, ती स्वतः रसायनं सोडते, शरीरात एक बारीक सूज सतत धुमसत राहते, धानाच्या कोंड्याच्या राखेत विस्तव असतो ना तसा, वरून दिसत नाही. ही रसायनं मेंदूपर्यंत पोचतात. ताप आल्यावर माणूस कसा होतो, पांघरूण घेऊन पडावं, कोणाशी बोलू नये, तोंडाला चव नाही, तसंच थोडं थोडं रोज. शिवाय शुगर सारखी वरखाली झाली की चिडचिड, डोक्याला जडपणा, आणि पाय जळायला लागले, नजर अंधुक झाली की भीती वेगळी. म्हणून 'पयले काय झालं' याचा शोध लावून आता काही हाती लागणार नाही, विहिरीत बैल पडला तर आधी दोर टाकायचा, कोणत्या बाजूनं पडला ते नंतर पाहू.

त्या 38 इंचाबद्दल एक सांगते कारण तुम्हाला वाटत असेल की पाच एकरवाल्या कष्टाच्या माणसाला ही श्रीमंताची बिमारी कशी झाली. आपल्याकडे पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या वर गेली की धोका धरतात, बाईची 80 च्या वर. 38 इंच म्हणजे 96 च्या पुढे गेले ते. आपल्या लोकांचं शरीरच असं आहे की वरून बारीक, आतून चरबी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांच्या एका इंग्रज डॉक्टर मित्राचा, जॉन युडकिनचा, फोटो छापला होता. दोघांचा उंची-वजनाचा हिशोब अगदी सारखा, बीएमआय 22.3, म्हणजे दोघंही कागदावर सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर इंग्रज डॉक्टरच्या अंगात 9.1 टक्के आणि आपल्या डॉक्टरच्या अंगात 21.2 टक्के. तेव्हा काट्यावर वजन ठीक आहे म्हणून निर्धास्त राहायचं नसतं, टेप लावायचा, आणि तो तुमच्या आशाताईनं लावला, शाबास तिची.

झोपेवर थोडं जास्त बोलते कारण तिथे आपल्या गावाकडे एक वेगळीच भानगड आहे. ओलिताचं शेत ज्याच्याकडे आहे त्याला मोटारीची लाईट पुष्कळदा रात्रीच मिळते, मग चण्याला पाणी द्यायला माणूस बारा वाजता शेतात. तुमचं कोरडवाहू आहे पण जागल तर आहेच. 1999 साली शिकागोत 11 तरुण धडधाकट पोरांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, बाकी काही केलं नाही, आणि तेवढ्यात त्यांच्या शरीराची साखर हाताळायची ताकद घसरली. सहा रात्रींत! आणि झोप मोडली की मन आधी ढासळतं, हे तर तान्ह्या लेकराच्या आईला कोणी सांगायची गरज नाही. म्हणून मला विचाराल तर घरातला पहिला इलाज झोपेचा. शेजाऱ्यासोबत जागलीची पाळी लावा, एक महिना तरी यांना रात्री घरीच झोपू द्या, आणि दिवसा बाजेवरचं लोळणं कमी करा.

पण झोपेचा इलाज म्हणजे ती गोळी नाही बरं. तुम्ही नाव लिहिलं नाही, पण गावाकडे झोपेला म्हणून जी देतात ती बहुतेक वेळा अल्प्राझोलाम किंवा तिची बहीण असते. चार दिवस ठीक. महिनोन्महिने घेतली की तिची सवय लागते, डोस वाढत जातो, आणि डिप्रेशन आहे तिथेच राहतं. 'ते मात्र आठवणीनं घेतात' हे तुमचं वाक्य वाचून मला जरा धसकाच बसला. एकदम बंदही करू नका, त्यानं झटके येऊ शकतात, पाकीट सोबत घेऊन जा आणि डॉक्टरला दाखवून हळूहळू उतरवा.

आता 'पथ्य करत नाही' यावर येते, कारण माझा राग तिथे आहे. तो डॉक्टरांवर नाही, माझ्यावरच आहे.

माझे बाबा शाळामास्तर होते. आई गेली त्यानंतर दीड-दोन वर्षांत त्यांची शुगर काही केल्या हटेना. मी डॉक्टर पोरगी, मी काय केलं, तर एक दोनशे पानी वही आणली, रेघा मारल्या, तारीख, उपाशी, जेवल्यावर. दर रविवारी गावी जायची, शुगर तपासायची पट्टी लावायची, आकडा लिहायची आणि रागवायची, बाबा तुम्ही चोरून गोड खाता. ते काही बोलायचे नाहीत. पेपर दारात तसाच घडी घातलेला पडलेला असायचा, ज्या माणसानं चाळीस वर्षं शब्दकोडं चुकवलं नाही त्याचा पेपर, मी तो पाय लागू नये म्हणून उचलून बाजूला ठेवायची आणि पट्टी काढायची. एक दिवस सुपारी पाहिजे म्हणून त्यांचा पानाचा डबा उघडला तर चुन्याच्या डबीखाली, अडकित्त्याच्या बाजूला, गोळ्यांची पाकिटं, एकही गोळी काढलेली नाही, रबर लावून नीट गठ्ठा करून ठेवलेली. मास्तर ना, टापटीप. मी विचारलं हे काय आहे. म्हणाले, घेऊन काय करू. एवढंच. वहीत तेव्हा साठेक आकडे झाले होते आणि त्यातला एकही चुकीचा नव्हता.

तर ताई, जो माणूस 'घेऊन काय करू' इथवर पोचलाय त्याला पथ्याचा कागद देणं म्हणजे पाय मोडलेल्याला बसस्टँडपर्यंत पळत जायला सांगणं. भाकर मोजून खा, चालायला जा, गोळी वेळेवर घे, पाय रोज तपास, यातलं एकेक काम उद्याची काही आशा असेल तरच होतं. डिप्रेशन आधी तीच आशा खातं. पथ्य न करणं हे त्या आजाराचंच लक्षण आहे, स्वभाव नाही. सासूबाईंना हे असंच सांगा, आळशी माणूस आधीपासून आळशी असतो, तुमचा पोरगा मागच्या वर्षी उन्हाळवाही करत होता ना, मग हा आळस एका वर्षात कुठून आला. नजर-बाधेवर त्यांच्याशी भांडत बसू नका. त्यांना मीठ-मोहरी उतरवायची असेल तर उतरवू द्या, फक्त उतरवून झालं की गाडी दवाखान्याकडे निघाली पाहिजे.

दवाखान्यात काय करायचं. तुमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात शुगर-बीपीचं एनसीडी क्लिनिक असतं, तिथेच जात असाल. पुढच्या वेळी तुम्ही सोबत आत जा, बाहेर बाकावर बसू नका. आपली माणसं डॉक्टरसमोर 'ठीक आहे' म्हणतात आणि दीड मिनिटात बाहेर येतात. तुम्ही तीन गोष्टी बोला, पोळ्याची, पहाटे तीनची, आणि गोळ्या घेत नाहीत ही. रागावतील या भीतीनं गोळ्यांचं लपवू नका, नाही तर डॉक्टरला वाटतं गोळी घेऊनही शुगर 9.8 आहे आणि ते डोस वाढवून देतात. मग एखाद्या दिवशी घरच्यांच्या आग्रहानं माणूस सगळ्या गोळ्या घेतो, जेवत मात्र अर्धंच, आणि शुगर धाडकन खाली. ग्लिमेपिराइडसारख्या शुगरच्या गोळीनं हे होतं. घाम, थरथर, छातीत धडधड, भलतंच बोलणं, याला लोक टेन्शनचा झटका समजतात आणि पाणी शिंपडत बसतात. असं दिसलं तर मशीन असेल तर पाहा, मशीनवरचा आकडा 70 च्या खाली असेल किंवा मशीनच नसेल तर सरळ तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायला द्या, पंधरा मिनिटांनी फरक नसेल तर परत द्या, शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठा. आणि जेवायचं नाही त्या वेळी ती गोळी घ्यायची का, हे डॉक्टरकडून आधीच विचारून ठेवा.

रक्ताच्या दोन-तीन तपासण्या मागून घ्या. टीएसएच म्हणजे थायरॉइड, तो मंद पडला तरी माणूस असाच सुस्त आणि उदास होतो आणि एका गोळीनं सुधारतो. बी-12, कारण मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं आणि त्यानंही मन आणि नसा दोन्ही बिघडतात, आपल्यासारख्या वरण-भाकर खाणाऱ्यांमध्ये तर ते आधीच कमी असतं. आणि हिमोग्लोबिन.

मनाच्या डॉक्टरसाठी नागपूर गाठायची गरज नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम कुठे आणि कोणत्या दिवशी येते ते आशाताईला किंवा उपकेंद्राच्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) विचारा, नाही तर यवतमाळच्या सरकारी मेडिकल कॉलेजात मानसोपचार विभाग आहे. लोक काय म्हणतील हा प्रश्न येणारच, तर सांगा शुगर दाखवायला गेलो होतो, ते खोटं थोडंच आहे. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात 30 गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता, गावातलेच लोक शिकवून घरोघरी या विषयावर बोलायला लावले. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या 100 पैकी जेमतेम 4 जण कुठे इलाज घेत होते, दीड वर्षानंतर 27 झाले. गावं हीच, माणसं हीच, पऱ्हाटीही हीच. बोलायला कोणी तरी आलं एवढाच काय तो फरक.

डिप्रेशनची गोळी सुरू केली तर तीन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे ती क्रोसिनसारखी संध्याकाळी काम करत नाही, पहिला फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि नेमकं त्याच दोन आठवड्यांत लोक 'काही फरक नाही' म्हणून सोडून देतात. बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने तरी चालू ठेवायची असते, एकदम सोडायची नाही. दुसरं, ही गोळी त्या झोपेच्या गोळीसारखी व्यसन लावणारी नाही. तिसरं, यातल्या काही गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं, मिर्टाझापीन, अमिट्रिप्टिलीन यांनी वाढतं, कधी कधी सोबत देतात त्या ओलान्झापीननंही वाढतं, सर्ट्रालीन किंवा फ्लुओक्सेटीनसारख्यांनी त्यामानानं फारसं नाही. नावं पाठ करू नका, फक्त म्हणा, 'साहेब, यायले शुगर आहे, वजन वाढणार नाही अशी पाहून द्या.' ज्यांना द्यावीच लागते त्यांनी घाबरायचंही नाही, कंबर आणि शुगर थोडी जास्त वेळा मोजायची बस.

आणि खरं सांगते, नुसतं मनाचं औषध दिलं की शुगर आपोआप खाली येईल असं प्रत्येकाचं होत नाही, पुष्कळदा मन सुधारतं आणि शुगर तशीच राहते. नुसती शुगर हाकलली तर काय होतं ते माझ्या वहीनं दाखवलंच. आपल्याच देशात चार डायबिटीस क्लिनिकांत 404 लोकांवर एक अभ्यास झाला, 2020 मध्ये छापून आला, त्यात असे लोक घेतले ज्यांना शुगरही आणि डिप्रेशनही. काहींना नेहमीसारखा इलाज, काहींच्या मागे एक माणूस लावला जो दोन्हींवर सोबत नजर ठेवायचा, विचारपूस करायचा, डॉक्टरला कळवायचा. दोन वर्षांनी दुसरा गट पुढे होता, मनातही आणि आकड्यांतही. तेव्हा 'पयले कशाचा इलाज करू' याचं माझं उत्तर, दोन्हींचा, एकाच फायलीत, आणि तो मागे लागणारा माणूस सध्या तुम्ही.

मागे लागणं म्हणजे टोचणं नाही मात्र. 'टेन्शन घेऊ नका' हे वाक्य घरात बंद करा, ते कोणी हौसेनं घेत नाही. 'व्यायाम करा' हेही नको. जेवण झालं की म्हणा, बैलाले पाणी दाखवून येऊ, चला. गोठ्यापर्यंत जाऊन येणं झालं तरी दहा मिनिटं झाली, आणि जेवणानंतरच्या दहा मिनिटांनी शुगर जितकी अडते तितकी सकाळच्या ठरवलेल्या पण न झालेल्या तासाभराच्या फिरण्यानं अडत नाही. त्यांना वाटेल तेव्हा उठतील म्हणून थांबू नका, या आजारात आधी पाय उठतात, मन मागून येतं. खाण्याचं आत्ताच फार काही बदलू नका, दिवसाचे सहा चहा असतील तर साखर अर्धी करा, रेशनच्या तांदळाच्या दोन वेळांपैकी एक वेळ ज्वारीची भाकर आणि घट्ट वरण किंवा झुणका करा, खर्रा असेल तर त्याच्यावर पुढच्या महिन्यात भांडू. गोळ्या पाकिटासकट त्यांच्या हातात देऊ नका, एकेक काढून पाण्याच्या लोट्यासोबत द्या. हे मी पानाच्या डब्यावरून शिकले.

एक गोष्ट मात्र आजच करायची, पत्र वाचून झाल्या झाल्या. फवारणीची औषधं घरात असतील तर घरात ठेवू नका, कुलपातही नको, दिराकडे किंवा शेजारच्या विश्वासाच्या माणसाकडे नेऊन ठेवा, कारण विचारलं तर जागा नाही म्हणा. आणि यांना शांतपणे, दोघंच असताना विचारा, 'जगू नये असं मनात येते का?' विचारल्यानं डोक्यात घुसतं हा गैरसमज आहे, उलट पुष्कळ माणसं कोणी तरी विचारायची वाटच पाहत असतात. हो म्हणाले तर रडू नका, रागावू नका, सोयाबीनचे चुकारे व्हायचे आहेत म्हणून चार दिवस थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना, आणि तोपर्यंत एकटं सोडायचं नाही. रात्री-बेरात्री कोणी नसेल तर 14416 ला फोन लावा, टेली मानस आहे, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो नंबर भिंतीवर कॅलेंडरजवळ लिहून ठेवा, मोबाइलात सेव्ह करून उपयोग नाही, मोबाइल पोराजवळ असतो.

आणि आता तुमची ती शेवटची ओळ, 'मलेही आजकाल रडू येते, पण ते काही नाही.' वेचणीची रोजी, ढोरं, सैपाक, सासू, पोरांच्या शाळा आणि आता नवऱ्याची फाईल, एवढं सगळं डोक्यावर असताना येणारं रडू 'काही नाही' कसं असेल. तुम्हीही तिशी पार आहात, तुमचीही शुगर, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड पाहायलाच पाहिजे, आशाताईकडे जो तिशीनंतरच्यांचा फॉर्म असतो त्यात आता मनाचेही दोन प्रश्न आहेत, त्यांची उत्तरं खरी द्या. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलात की खिडकीवर केसपेपर दोन काढा.